न पाहिलेल्या मैत्रिणी

मागील महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. पत्र सविस्तर आहे, अक्षर वळणदार आहे आणि तक्रार नेमकी आहे. "माझ्या सासूबाईंनीं पासष्टी उलटल्यावर फोटो काढण्याचें वेड घेतलें आहे," असें त्या लिहितात. "मोदकाची पहिली उकड असो कीं अंगणांतला प्राजक्ताचा सडा असो, आधीं मोबाईल आणि मग पुढचें काम. शिवाय ज्यांना त्यांनीं जन्मांत पाहिलें नाहीं अशा बायकांना त्या मैत्रिणी म्हणतात आणि घरांतली बित्तंबातमी त्यांना पुरवितात. याला काय म्हणावें?" शेवटीं त्यांनीं आमचें मत मागविलें आहे.

मत देण्यापूर्वीं एक कबुली देणें प्राप्त आहे. ज्या अपराधाची ही फिर्याद आहे त्याच अपराधांत आम्ही स्वतः गेलीं पांच-सहा वर्षें आकंठ बुडालों आहों. तेव्हां न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसण्याचा आमचा अधिकार केव्हांच गेला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहून जें ठाऊक आहे तें सांगूं. त्यांत एक गोष्ट अशीही आहे कीं, ती सांगतांना आम्हांस खालीं पाहावें लागणार आहे. पण ती तिच्या क्रमानें येईल.

आमच्या लहानपणीं घरांत कॅमेरा होता, पण तो काकांचा होता. 'आग्फा क्लिक-३' ही काळी पेटी आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. एका गुंडाळीवर बारा चित्रें निघत. तेरावें निघत नसे. त्यामुळें चित्र काढणें हा एक समारंभच होऊन बसे. काका उन्हाकडे पाठ करून उभे राहत, आम्ही सर्व पोरें उन्हाकडे तोंड करून डोळे बारीक करीत उभीं, आणि कळ दाबण्यापूर्वीं श्वासही रोखून धरण्याची आज्ञा होई. कॅमेऱ्यास हात लावण्याची परवानगी घरांतील कोणाही बाईमाणसास नव्हती. कोणीं ती मागितलीही नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे.

काकांच्या संग्रहांतील एक चित्र आमच्यापाशीं आहे. १९६४ सालीं थोरल्या चुलतभावाची मुंज झाली तेव्हांचें. माणसें मोजून सत्तावीस आहेत. बटु मध्यें बसला आहे, आजोबांच्या पगडीची सावली त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडली आहे, आणि आम्ही दुसऱ्या ओळींत कोणाच्या तरी खांद्याआडून डोकावत आहों. आमची आई त्यांत नाहीं. उजव्या कडेस माजघराच्या दाराशीं एक हात आणि त्या हातांतील परातीची कड तेवढी दिसते. तो हात आईचा आहे. पाटल्यांवरून आम्हीं तो ओळखला. आई घरांतील धाकटी सून. फोटोची हांक आली तेव्हां ती पंगतीचें पाहात होती, आणि सत्ताविसांपैकीं कोणालाही ती राहिली आहे हें आठवलें नाहीं. तिच्या तरुणपणचें एवढेंच चित्र आमच्याजवळ आहे.

तेव्हां साठीनंतर मुलानें एक चांगला मोबाईल आणून हातांत ठेविला आणि बोटांनीं चित्र मोठें-लहान कसें करावें हें नातीनें शिकविलें, त्या दिवशीं आम्हीं पहिलें चित्र कोणाचें काढलें असेल, तर सकाळीं पोळ्यांना येणाऱ्या बाईंचें. "माझा कशाला काढतां, काकू?" असें त्या म्हणाल्या, आणि म्हणतांम्हणतांच त्यांनीं पिठाचे हात पुसून पदर सारखा केला. तें चित्र आम्हीं कागदावर छापवून घेऊन त्यांना दिलें. तें आतां त्यांच्या घरीं देवाच्या तसबिरीशेजारीं लाविलें आहे असें कळतें. मुलाच्या पहिल्या पगारानें आम्हांस झाला नसेल इतका आनंद त्या बातमीनें झाला.

उतारवयांत हें शोभतें काय, असा प्रश्न पत्रलेखिकेनें थेट विचारिला नसला तरी तो ओळींमधून वाचतां येतो. त्याच्या उत्तरादाखल एका बाईंची हकीकत सांगतों. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ सालीं कलकत्त्यास झाला. पुढें त्या विलायतेंत वाइट नांवाच्या बेटावर राहूं लागल्या. मुलें मोठीं झालीं, यजमान मळ्यांच्या कामासाठीं सिंहलद्वीपास जात, आणि घर रिकामें वाटूं लागलें. तेव्हां १८६३ सालीं मुलीनें व जांवयानें त्यांना एक कॅमेरा भेट दिला. त्या वेळीं बाईंचें वय ४८ वर्षांचें होतें, आणि त्या काळच्या मानानें तें म्हातारपणच. बाईंनीं कोळशाच्या कोठारांत काळोखी खोली केली आणि कोंबड्यांचें खुराडें मोकळें करून त्याची चित्रशाला बनविली. शेजारीपाजारी, भाच्या, घरांतील मोलकरणी, जो हातीं सांपडेल त्यास त्या समोर बसवीत. कांच ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे, बसणारास कित्येक सेकंद निश्चल राहावें लागे, आणि थोडें जरी हाललें तरी चेहरा पुसट होई. त्यांच्या पुसटपणाबद्दल तत्कालीन जाणत्या मंडळींनीं त्यांना पुष्कळ नांवें ठेविलीं. आज त्याच चित्रांना संग्रहालयांत मानाची जागा आहे. आमच्या पोळीचीं चित्रें संग्रहालयांत जातील अशी आमची समजूत नाहीं. मुद्दा एवढाच कीं, मुलीजांवयाच्या देणगीचा कोणाचा कसा उपयोग होईल हें सांगतां येत नाहीं.

आमच्याकडचेंही उदाहरण आहे. होमाई व्यारावाला या नवसारीस १९१३ सालीं जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या, आणि वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून प्रसिद्धीस आल्या. साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा अडकवून त्या दिल्लीभर हिंडत. १९७० च्या सुमारास त्यांनीं तें काम आपण होऊन सोडलें आणि पुढें बडोद्यास एकट्या राहिल्या. २०१२ सालीं तेथेंच निवर्तल्या. त्यांनीं कॅमेरा खालीं ठेविला त्या वयाच्या पुढें आम्हीं तो उचलला, हा आमच्या कुवतींतील आणि त्यांच्या कुवतींतील फरक कोणाच्याही ध्यानांत येईल.

असो. ज्या सासूबाईंसाठीं हें लिहीत आहों त्यांच्या उपयोगाचें थोडें सांगून टाकूं, कारण वेड असावें तर तें नीट असावें. घरांतील माणसाचें चित्र घ्यावयाचें तर त्यास उत्तरेच्या खिडकीशेजारीं बसवावें. जुन्या फोटो-स्टुडिओंत उत्तरेच्या बाजूस कांच असे ती याचसाठीं. त्या बाजूनें ऊन थेट येत नाहीं आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. आपण खिडकीकडे तोंड करून उभें राहूं नये, नाहींतर माणूस काळा आणि आकाश पांढरें असें चित्र येतें. मोबाईलमधील चमकणारा दिवा घरांत लावूंच नये. त्यानें म्हाताऱ्या माणसाची प्रत्येक सुरकुती पोलिसी तपासांत सांपडल्यासारखी दिसते. भिंगावर तेला-पिठाचीं बोटें उमटतात, तीं जुन्या सुती पातळाच्या तुकड्यानें पुसावींत. जुन्या चित्रांच्या प्रती करावयाच्या असल्यास तीं अल्बमच्या काळ्या पानांवरून ओढून काढूं नयेत. पानासह खिडकीजवळ ठेवून बरोबर वरून घ्यावींत. मागें नांवें लिहावयाचीं तीं मऊ पेन्सिलीनें. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. आणि नांवें आजच लिहावींत. आमच्या मुंजीच्या चित्रांतील सत्ताविसांपैकीं सहा जण कोण, हें सांगणारें माणूस आतां कोणी उरलें नाहीं.

आतां त्या न पाहिलेल्या मैत्रिणींकडे वळूं. २०२० सालच्या टाळेबंदींत पुष्कळ घरांत गीतापठनाचे वर्ग दूरस्थ पद्धतीनें चालत, त्यांपैकीं एका वर्गांत आम्ही होतों. पडद्यावर लहान लहान चौकटींत चाळीस-पन्नास बायका, आणि उच्चार सुधारणाऱ्या शिक्षिका मध्यें. अध्याय संपला कीं बहुतेक जणी निघून जात. पांच-सहा जणी मात्र रेंगाळत. त्या रेंगाळणाऱ्यांत बडोद्याच्या एक, बेळगांवच्या एक, नागपूरच्या एक, ग्वाल्हेरच्या एक आणि अमेरिकेंतील न्यू जर्सीस मुलापाशीं राहणाऱ्या एक, अशा पांच आणि सहाव्या आम्ही. अठरावा अध्याय संपून वर्ग बंद झाला, पण या सहा जणींचा व्हॉट्सॲपवरील गट राहिला. एकमेकींस आम्ही गांवावरून ओळखतों आणि 'बाई' म्हणतों. ग्वाल्हेरच्या बाईंच्या बोलण्यांत हिंदीची गोडी आहे, नागपूरच्या बाई रागावल्या कीं वऱ्हाडी बोलतात, आणि बडोद्याच्या बाई प्रत्येक पदार्थांत चिमूटभर साखर सुचवितात.

गटाचा नियम एकच आहे. सकाळीं सातच्या सुमारास प्रत्येकीनें स्वतः काढलेलें एक चित्र पाठवावयाचें. गुलाबाचीं फुलें आणि सुविचार घातलेलीं आयतीं प्रभातपत्रें बंद. चित्र चांगलें असलें पाहिजे असें नाहीं. त्या दिवसाचें असलें पाहिजे. आपल्याकडे सात वाजतात तेव्हां न्यू जर्सीस आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यांत साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळें त्या बाईंचें चित्र नेहमीं आदल्या संध्याकाळचें असतें. आमच्या गटांत रोज एक चित्र कालचें येतें, असें नागपूरच्या बाई म्हणतात.

या चित्रांत काय असतें, असें कोणी विचारील, तर कांहीं नसतें. दाढीचा साबण लावलेले यजमान खिडकींत उभे. ग्वाल्हेरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांवर बसलेला कावळा. बर्फांत अर्ध्या बुडालेल्या नातवंडाच्या सायकलीचें हँडल. चकलीच्या सोऱ्यांतून निघालेलें पहिलें वेडेंवाकडें वेटोळें. एका पावसाळ्यांत तर सहाही जणींनीं आपापल्या खिडकीच्या गजांवर लोंबणारे थेंब पाठविले. कोणीं ठरविलें नव्हतें. आमच्या यजमानांनीं तीं सहा चित्रें पाहून "तुम्हांला दुसरा उद्योग नाहीं" असें म्हटलें, आणि मग बराच वेळ मोबाईल परत दिला नाहीं.

या मैत्रीवर आमचा विश्वास कसा बसला तें सांगतों. बेळगांवच्या बाई आपल्या परसांतील झाडांचीं चित्रें पाठवीत. एका आठवड्यांत मात्र चार दिवस ओळीनें त्यांच्या चित्रांत एकच खिडकी आली. चौथ्या दिवशीं न्यू जर्सीच्या बाईंनीं गटांत न लिहितां आम्हांस वेगळें लिहिलें, "खिडकीचा खालचा कट्टा दिसत नाहीं, वरची चौकट आणि पंख्याचें पातें दिसतें आहे. बाई निजून चित्र काढीत आहेत." आम्हीं चारही चित्रें पुन्हां पाहिलीं. खरेंच, सारीं खालून वर घेतलेलीं. फोन केला तेव्हां समजलें कीं, न्हाणीघरांत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें होतें, शस्त्रक्रिया होऊन त्या घरीं आल्या होत्या, आणि उगाच सगळ्यांना काळजी नको म्हणून बोलल्या नव्हत्या. नियम मोडूं नये म्हणून चित्र मात्र रोज पाठवीत होत्या. पुढचे दोन महिने पाळी लावून आम्ही कोणी ना कोणी दुपारीं त्यांच्याशीं बोलत असूं. आम्हीं मेतकूट आणि आळशीची चटणी पाठविली. बडोद्याहून डिंकाचे लाडू गेले. ज्या दिवशीं त्यांच्या चित्रांत खिडकीचा कट्टा आणि त्यावरील तुळशीचें रोप दिसलें, त्या दिवशीं बाई उठून बसल्या हें सांगावें लागलें नाहीं.

न पाहिलेल्या माणसाशीं जिवाभावाचें नातें जडणें ही मोबाईलची करामत आहे असें मात्र कोणी समजूं नये. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र आमच्या वाचकांच्या घरोघर माहीत आहे. त्यांतील एक भाग येथें आठवतो. १८८० सालीं न्यू जर्सींतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असतां त्यांनीं तेथें पडलेलें एक मिशनरी मासिक चाळलें. त्यांत गोपाळरावांचें पत्र छापलें होतें. बायकोस शिकवावें अशी इच्छा असलेल्या एका हिंदु गृहस्थाचें. तें वाचून या अनोळखी बाईंनीं आनंदीबाईंना पत्र लिहिलें. तेव्हां आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. पुढें पत्रांमागून पत्रें गेलीं आलीं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणूं लागल्या, आणि १८८३ च्या जूनमध्यें न्यूयॉर्क बंदरांत उतरल्या तेव्हां त्याच मावशी त्यांना आपल्या घरीं घेऊन गेल्या. १८८६ त डॉक्टरकीची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वयाच्या बाविसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या, आणि न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी येथें त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत त्यांच्या नांवाचा दगड आहे.

ही हकीकत गटांत निघाली तेव्हां न्यू जर्सीच्या बाई कांहीं बोलल्या नाहींत. दोन महिन्यांनीं एका सोमवारीं सकाळीं त्यांचें चित्र आलें. मुलाच्या मागें लागून त्या मोटारीनें पोकीप्सीस जाऊन आल्या होत्या. दगडावर १८६५ आणि १८८७ हीं दोन सालें, पायथ्याशीं वाळलेलीं पानें, आणि बाईंनीं घरून नेलेलीं पिवळ्या शेवंतीचीं चार फुलें. त्या दिवशीं इतर पांच जणींपैकीं कोणीही आपलें चित्र पाठविलें नाहीं.

येथपर्यंत वाचून पत्रलेखिकेस वाटेल कीं, आम्ही सरळ सासूबाईंची बाजू घेत आहों. आतां ती खालीं पाहण्याची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीं आमचा नातू अकरा महिन्यांचा असतांना एका रविवारीं त्यास अंगभर तेल लावून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसविलें होतें. सकाळचें ऊन त्याच्या पाठीवर पडलें होतें आणि तो पाण्याच्या लोट्यांत पाहून हंसत होता. आम्हीं काढलेल्या चित्रांत तें सर्वांत सुंदर चित्र आहे, हें आजही आम्हांस वाटतें. तें तत्काळ पांच ठिकाणीं गेलें. पांच ठिकाणांहून कौतुक आलें. त्यांपैकीं कोणीं तरी प्रेमानें बहिणीस दाखविलें असेल, तिनें नणंदेस. त्याचा शोध आम्हीं केला नाहीं, कारण पहिला हात आमचा होता. तीन आठवड्यांनीं सूनबाईंच्या कचेरींतील एका बाईंनीं कौतुकानें त्यांना एक प्रभातपत्र दाखविलें. भोंवतीं गुलाबाचीं फुलें, वरती सुविचार, आणि मध्यें आमचा नातू, अंगावर चिंधी नाहीं. तें मूल कोणाचें हें त्या बाईंस ठाऊकही नव्हतें.

सूनबाई घरीं आल्या, हातपाय धुतले, मुलाला घेतलें, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्यासमोर बसल्या. आवाज चढविला नाहीं. "आई, तुम्हीं तो प्रेमानं पाठवलात हें मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण त्याला 'नको' म्हणतां येत नाहीं. त्याच्या वतीनं तें आम्ही म्हणायचं असतं. मला तुम्हीं विचारायला हवं होतं."

आम्हांस राग आला. येथें खोटें लिहिण्यांत अर्थ नाहीं. ज्या मुलाचें तेलपाणी आम्ही करितों, त्याचें एक चित्र काढण्यास आम्हांस परवाना काढावा लागावा काय, असें मनांत आलें. आमचे यजमान वकिली करीत असत. त्यांनीं आमची बाजू घेऊन सांगितलें कीं, २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत झाला त्यानें देखील माणसाचा खाजगी आणि घरगुती वापर वगळला आहे. सूनबाई शांतपणें म्हणाल्या, "बाबा, घरगुती राहिलं असतं तर मी बोललेंच नसतें." यजमानांनीं चष्मा काढून ठेविला, वकील मुद्दा हरला म्हणजे असेंच करितो. आम्हीं मोबाईल कपाटाच्या खणांत टाकला आणि आठ दिवस त्यास हात लाविला नाहीं. गटांत काय चाललें असेल याची रुखरुख होती, पण हट्टही होता.

त्या आठ दिवसांत करमेना, म्हणून काकांची जुन्या चित्रांची पेटी उघडली. काका गेल्यावर ती आमच्याकडे आली होती. तळाशीं एका पिवळ्या पाकिटांत एक चित्र निघालें आणि पाहतांक्षणीं आठवण झाली. आजोबांच्या बहीण, आमच्या आत्याआजी, बालविधवा. आलवण नेसत आणि डोईवरचा पदर कधीं ढळूं देत नसत. आम्हां भावंडांना त्यांनींच वाढविलें म्हटलें तरी चालेल. रात्रीं अंगणांत निजवून ध्रुवाची, चिलयाची गोष्ट त्या सांगत, आणि मऊ भातावर तूप-मेतकूट कालवून सगळ्यांना एका ताटांतून भरवीत. एका दुपारीं मागल्या पडवींत त्या वाती वळीत बसल्या होत्या, पदर खांद्यावर घसरला होता, आणि काकांनीं कॅमेरा रोखला. "अरे, नको रे, काढूं नकोस," असें त्या म्हणाल्या. आम्ही तेथें होतों. आठ-नऊ वर्षांचें वय असेल. काका हंसले आणि त्यांनीं कळ दाबली. चित्रें धुऊन आलीं तेव्हां आत्याआजींनीं एवढेंच म्हटलें, "फाडून टाक." काकांनीं फाडलें नाहीं. ते दुष्ट नव्हते. चित्र चांगलें आलें होतें, एवढेंच. चित्र खरोखरच चांगलें आहे. केशहीन मस्तक, हातांत कापूस, आणि एक हात चेहऱ्याकडे वर उचललेला, पण पोंचलेला नाहीं. पोंचण्यापूर्वींच कळ दाबली गेली.

तें चित्र घेऊन आम्ही बराच वेळ बसलों. मग उठून सूनबाईंच्या खोलींत गेलों आणि तें त्यांच्या हातांत दिलें. काय झालें होतें तें सांगितलें. त्यांनीं तें पाहिलें, पालथें करून परत दिलें आणि विचारिलें, "याचं काय करणार तुम्ही?"

गटांतील बाई जुनीं चित्रें पाहण्यास उत्सुक होत्या. आत्याआजींच्या गोष्टी त्यांनीं आमच्या तोंडून अनेक वेळां ऐकल्या होत्या, आणि आत्याआजींचें दुसरें चित्र जगांत नाहीं. तें आम्हीं पाठविलें नाहीं. फाडावयास घेतलें, तेंही हातून झालें नाहीं. शेवटीं पाकिटांत घालून, वर पेन्सिलीनें 'कोणास दाखवूं नये' असें लिहून ठेविलें आहे. म्हणजे आत्याआजींचें आम्हीं अर्धेंच ऐकलें. पुरतें ऐकण्याचें बळ अजून आलेलें नाहीं.

सूनबाईंशीं आमचा तह झाला तो असा. नातवाचा चेहरा घरांतील अल्बमांत राहील, बाहेर जाणार नाहीं. हात, पाय, पाठमोरा, सावली, हें पाठविण्यास हरकत नाहीं, पण एकदां विचारून. आम्हांस ही अट प्रथम जाचक वाटली. परंतु नातवाच्या हातांत एवढें पाहण्यासारखें असतें हें त्या अटीवांचून आम्हांस कळलें नसतें. कणकेचा गोळा दाबणारीं पांच बोटें, पानांतील मिठाकडे चोरून जाणारी एक तर्जनी, आजोबांच्या अंगठ्याभोंवतीं मिटलेली मूठ. आतां कधीं कधीं सूनबाईच हांक मारतात, "आई, मोबाईल आणा लवकर, हात बघा त्याचे." थोरल्या नातीचें वय बारा, तिचा कारभार स्वतंत्र आहे. "आजी, हा नको, ह्यांत माझे केस बघ," असें ती म्हणते, आणि आम्ही निमूटपणें तें चित्र पुसून टाकतों. पांचही बाईंस आम्हीं सारें लिहून कळविलें. नागपूरच्या बाईंनीं दुसऱ्याच दिवशीं आपल्या मुलीस विचारून तीन चित्रें गटांतून काढून टाकलीं.

म्हणून पत्रलेखिकेस आमचें सांगणें एवढेंच कीं, सासूबाईंचा मोबाईल हातांतून काढूं नका, आणि त्या मैत्रिणींची थट्टा करूं नका. वेळ आली तर खिडकीची चौकट ओळखणारें माणूस त्यांतूनच निघेल. जें चित्र बाहेर जाऊं नये असें वाटतें, तें मात्र पत्रानें आम्हांस न कळवितां समोर बसून त्यांना सांगा. त्यांना राग येईल. आठ दिवस द्या.

जाता जाता गेल्या रविवारची गोष्ट. दिवाळीची भाजणी दळून आली होती आणि आम्ही ती परातींत घेऊन चाळीत बसलों होतों. सूनबाई आमच्या मोबाईलवरचीं चित्रें पाहात होत्या. पाहतां पाहतां म्हणाल्या, "आई, पांच हजारांवर फोटो आहेत यांत. तुमचा एकही नाहीं." आम्हीं मोजलें नव्हतें. त्या उठल्या, खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि विचारिलें, "काढूं का?"

आम्हीं हात पुसले, पदर सारखा केला आणि हो म्हटलें. दुसऱ्या दिवशीं सातला तेंच चित्र आम्हीं गटांत पाठविलें. सर्वांच्या आधीं बेळगांवच्या बाईंनीं विचारिलें, "परातींत काय आहे?"